बोरिवलीच्या नॅशनल पार्कात एक दिवस: काय बघाल, काय खुशाल सोडाल

अकोल्याच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नणंदेकडे मुंबईला येतोय. एक अख्खा दिवस बोरिवलीच्या नॅशनल पार्कसाठी ठेवलाय. सोबत नऊ आणि पाच वर्षांची मुलं आणि सासूबाई. त्यांचं वय अडुसष्ट, गुडघे दुखतात. यादी काढली तर कान्हेरी, सफारी, वनराणी, बोटिंग, फुलपाखरू उद्यान, गांधी टेकडी, तुळशी तलाव असं बरंच निघालं. एका दिवसात सगळं कसं बसवायचं? आणि बिबट्या खरंच दिसतो का? मुलं सोबत आहेत म्हणून भीतीही वाटते."

ताई, सगळं बसवू नका. गेली बावीस वर्षं मी शनिवार-रविवारी इथे लोकांना घेऊन फिरतोय. पहिल्या दोन-तीन वर्षांत मीही तुमच्यासारखीच सात कलमी यादी खिशात घेऊन यायचो. एकदा चाळीस शाळकरी मुलांना घेऊन सकाळी अकराला आत शिरलो. सफारीची रांग, मग बोटिंगची रांग, मग बस पकडून कान्हेरी. उन्हात पायऱ्या चढून पहिल्याच लेण्याशी मुलं मटकन बसली. संध्याकाळी परतताना एकाला विचारलं, काय आवडलं? म्हणाला, "काकडी." त्या दिवसापासून मी यादी टाकून दिली.

तुम्ही मेळघाटच्या शेजारच्या, त्यामुळे आधी एक गैरसमज काढून टाकतो. नाव राष्ट्रीय उद्यान असलं तरी जिप्सीत बसून दिवसभर जनावरं शोधायची ही जागा नव्हे. मुंबई आणि ठाणे या दोन शहरांच्या मध्ये साधारण १०४ चौरस किलोमीटरचं डोंगराळ जंगल उरलंय. त्याचा फार थोडा भाग, बोरिवलीच्या दाराजवळचा, लोकांना फिरायला मोकळा आहे. कागदोपत्री त्याला कृष्णगिरी उपवन म्हणतात. बाग, तळं, बोटी, झोपाळे, सायकली सगळं त्या पट्ट्यात. तिथून एक डांबरी रस्ता सहाएक किलोमीटर आत कान्हेरीपर्यंत जातो. बाकी जंगल बंद, आणि ते बंद आहे तेच बरं.

तर दिवस कसा घालवायचा? माझ्याकडे एकच युक्ती आहे: पाण्याच्या मागे मागे जायचं. या जंगलात जे जे बघण्यासारखं आहे ते पाण्यापाशी आहे, किंवा पाण्यामुळे टिकलंय. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू इथे राहिले ते डोंगरावरचं पावसाचं पाणी साठवता आलं म्हणून. इंग्रजांनी मुंबईची तहान भागवायला १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधून काढला. तलावात गाळ आणि घाण येऊ नये म्हणून भोवतालचे डोंगर राखले. आज मुंबई जेवढं पाणी पिते त्यात या दोन तलावांचा वाटा किरकोळ आहे. पण त्यांच्यासाठी राखलेली झाडी राहिली, आणि पुढे तिचंच उद्यान झालं.

पाण्यामागे जायचं म्हणजे पहिली गाठ दहिसर नदीशी. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलात तर दार चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. मेट्रोने आलात तर स्थानकाचं नावच 'राष्ट्रीय उद्यान'. सकाळी साडेसातच्या सुमाराला दार उघडतं, त्या वेळेला पोचा. नणंदबाई म्हणतील, सुट्टी आहे, नऊला निघू. ऐकू नका. नाताळच्या आठवड्यात दहानंतर इथे जत्रा असते. सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात, तेवढं कॅलेंडर बघून घ्या.

आत शिरलात की थोड्याच अंतरावर नदी लागते. डिसेंबरात ती नदी वाटणार नाही. धोंड्यांमधून झुळझुळणारी धार आणि मध्ये मध्ये साचलेली डबकी, एवढंच. तरी मुलांना तिथे काठाशी बसवा, पंधरा मिनिटं, फोन पिशवीत. पाण्यावर लांब पायांचे किडे सरसर घसरताना दिसतील, आम्ही त्यांना निवळ्या म्हणतो. मुलं किड्याकडे बघतील. त्यांना सांगा, किडा सोडा, खाली तळाकडे बघा. ऊन तिरपं असेल तर तळच्या वाळूवर गोल गोल काळे ठिपके पळताना दिसतात, टिकलीएवढे. किड्याच्या पायाखाली पाण्याचा पडदा किंचित दबतो, तिथे खळगा पडतो, आणि त्या खळग्याची सावली खाली उमटते. पाय काडीसारखा, सावली मात्र टिकलीसारखी गोल. हे एकदा दिसलं की पाच वर्षांचं पोर तिथून उठत नाही. मी मोठमोठ्या इंजिनिअर मंडळींनाही तिथे उकिडवं बसलेलं पाहिलंय.

तिथेच पक्षीही येतात, कारण थंडीत आटत चाललेल्या ओढ्यावर सगळ्यांनाच यावं लागतं. शेपटी वरखाली हलवत धोंड्यांवरून चालणारा धोबी, पाण्यावर वाकलेल्या फांदीवर टपलेला खंड्या हे तर ठरलेले. नशीब जोरावर असेल तर स्वर्गीय नर्तक. त्याचा नर पांढराशुभ्र, डोकं काळं आणि शेपटीला दोन लांब रिबिनी. तो सकाळी अंघोळीला येतो, पाण्यावर झेप घेतो, भिजतो आणि परत फांदीवर. दुर्बीण नसली तरी चालेल. शांत बसलं की आपोआप जवळ येतात. सासूबाईंना या वेळी काठावरच्या बाकावर बसवा. ज्यांचे गुडघे दुखतात ते लोक पक्षी जास्त बघतात, हे माझं बावीस वर्षांचं निरीक्षण आहे. बाकीचे चालत राहतात.

या नदीबद्दल मुलांना आणखी एक गोष्ट सांगता येईल. ती उगम पावते तुळशी तलावाशी, उद्यानातून बोरिवली, दहिसर करत पुढे मनोरीच्या खाडीला मिळते. दाराच्या आत ती नदी आहे. दाराबाहेर पडून वस्तीत शिरली की काळं पाणी वाहणारा नाला होते. परतताना हमरस्त्याच्या पलीकडे ती कुठे दिसली तर जरा थांबून दाखवा. सकाळच्या निवळ्या आठवल्या की पुढचं बोलावं लागत नाही.

नदीपाशी साडेआठ-नऊ वाजले की निघा कान्हेरीला. बोरिवलीच्या दाराजवळून आतली बस मिळते. सासूबाई आणि धाकटा असल्यामुळे चालत जायचा विचार करू नका, सायकलीही नकोत. रस्ता चढणीचा आहे आणि भाड्याच्या सायकलींचे ब्रेक हा वेगळाच विषय आहे. बस सुटण्याची वेळ, गाडी आत सोडतात की नाही, तिकीट किती, हे नियम दर काही महिन्यांनी बदलतात. दारावर विचारून घ्या. लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, ते तिकडे वेगळं काढावं लागतं.

बसमध्ये उजवी-डावी खिडकी असं काही नाही, पण झाडं बघत जा. अंगावरची साल कागदासारखी सुटलेली, गोरीपान, हिवाळ्यात पानं झडून उघडीबोडकी झालेली झाडं दिसतील. ती कांडोळ. रात्री चांदण्यात चमकतात म्हणून त्यांना भुत्या म्हणतात. मुलांना नाव सांगितलंत की पुढची पंधरा मिनिटं "तो बघ भुत्या" असं चालतं आणि बसमधली भांडणं मिटतात. झुडुपांत कारवी आहे. ती आठ वर्षांतून एकदा फुलते, २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. फुलून बी धरलं की सगळं झाड मरतं, आणि खाली नवी पिढी उगवते. आता पुढची पाळी २०३२ ची. तुमचा मोठा तेव्हा कॉलेजात असेल, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरात ठाण्याकडच्या येऊरच्या बाजूने डोंगर जांभळा झालेला बघायला या. या कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर माती-शेण लिंपलं की वारली घराची कुडाची भिंत होते. उद्यानाच्या हद्दीत अजूनही वारली पाडे आहेत. रस्त्यातून घरं दिसली तर ती प्रदर्शनातली झोपडी नाही, कोणाचं तरी घर आहे, एवढं मुलांना सांगून ठेवा. विचारल्याशिवाय फोटो नको.

आता कान्हेरी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

शंभराहून अधिक लेणी आहेत. काळ साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षांचा. तुम्ही अजिंठा पाहिला असेल, वेरूळही. त्यांच्याशी तुलना करायला गेलात तर पहिल्या अर्ध्या तासात निराश व्हाल. इथे रंग जवळजवळ नाहीत आणि कोरीवकामही मोजक्या ठिकाणी. कान्हेरीचं वैशिष्ट्य वेगळं आहे: हे गाव होतं. एका घळीच्या दोन्ही अंगांना, डोंगराच्या पायरी-पायरीवर, लहान लहान एकाएका खोलीची घरं. समोर ओटा, आत झोपायचा कट्टा, दाराशी पाणी. सोपारा आणि कल्याण ही मोठी बंदरं जवळ, त्यामुळे व्यापाऱ्यांची दानं येत होती, आणि ती कोणी दिली हे भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत कोरलेलं आहे. कान्हेरी हे नावही तिथूनच, कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर. काळा बेसाल्ट हाताला लागतोच.

सासूबाईंना तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यापर्यंत न्या. तिकीटघरापासून थोड्याच पायऱ्या आहेत, सावकाश चढल्या तर जमेल. हे इथलं मोठं चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला लेख इथे आहे. ओसरीच्या दोन्ही टोकांना उभ्या बुद्धाच्या मूर्ती, सात मीटरच्या आसपास उंच. त्या मूळ लेण्यानंतर काही शतकांनी कोरल्या. सगळे लोक त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढतात आणि बाहेर पडतात. तुम्ही आत जा. खांबांची रांग बघा. काही खांबांना खाली घट, वर हत्ती, माणसं, सगळी सजावट आहे. पुढे गेलं की खांब एकदम साधे होतात. काम अर्ध्यावर थांबलंय. कशामुळे थांबलं, पैसे संपले की माणसं गेली, ते मुलांना ठरवू द्या. माझ्या गटातल्या एका मुलीचं म्हणणं होतं, दुपारी जेवायला गेले ते आलेच नाहीत. कमानदार छताला एकेकाळी लाकडी फासळ्या होत्या. लाकूड गेलं, खाचा उरल्यात. मान वर करून बोटाने खाचा मोजायला सांगा.

तिथून थोडं पुढे घळीच्या कडेला अकरा नंबर, दरबार लेणं. मध्ये लांबच्या लांब दोन बुटके दगडी बाक आहेत, भिक्खूंनी पंगत धरून बसावं तसे. आत गार असतं. सासूबाईंचा मुक्काम इथे. पाण्याची बाटली, एखादी शाल आणि कोणीतरी गप्पा मारायला सोबत एवढं दिलंत तर त्या आरामात तासभर बसतील. माझी आई बसायची. ती म्हणायची, "तुम्ही या बघून, मी पंगतीत बसते."

तुम्ही आणि मुलं तेवढ्यात वर जा. किती लेणी पाहिली याचा हिशोब ठेवू नका, एका गोष्टीचा पाठलाग करा: पोढ्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. हा शब्द मी शोधलेला नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखांत 'पोढी' असाच येतो, आणि लेण्याला 'लेण'. प्राकृतात कोरलेलं ते अजून आपल्या तोंडी आहे, हे सांगितलं की मोठ्या मुलाचे डोळे जरा चमकतात. कुठल्याही एका खोलीपुढे उभे राहा. दाराच्या बाजूला जमिनीलगत चौकोनी तोंड दिसेल, हातभर रुंद. वाकून बघा, पण मुलाचा हात धरून, कारण आत खोल असतं आणि पाणी काळं दिसतं. आता मान वर करा. खोलीच्या कपाळावर, खडकाच्या उतारावर, बोटभर खोल पन्हळ खोदलेली असते. ती तिरकी येते, वळते, कधी दुसऱ्या पन्हळीला मिळते, आणि शेवटी त्या चौकोनी तोंडाशी उतरते. डोंगरावर पडलेला पाऊस वाया न घालवता ओंजळीत आणून सोडलाय. मुलाला सांगा, तू पावसाचा थेंब, वरून निघ आणि पोढीत पोच. तो पन्हळीवरून बोट फिरवत खाली येईल. कान्हेरी समजायला मला तरी याहून चांगला धडा सापडलेला नाही. आणि हे डिसेंबरातच नीट दिसतं. पावसाळ्यात सगळं वाहतं तेव्हा शेवाळावरून पाय घसरतो आणि लक्ष धबधब्यांकडे असतं.

दमलेले नसाल तर आणखी दोन. एक्केचाळीस नंबरमध्ये अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व आहे, भारतातल्या लेण्यांत असं शिल्प दुर्मीळ म्हणून अभ्यासक मुद्दाम बघायला येतात. आणि वरच्या अंगाला नव्वद नंबर. तिथे पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ चे. पारशी मंडळी लेणी बघायला आली होती, त्यांनी आपापली नावं आणि तारीख कोरून ठेवली. म्हणजे भिंतीवर नाव कोरायची खोड हजार वर्षं जुनी. फरक एवढाच की त्यांची नावं आज इतिहास झाली आणि तुमच्या मुलाने कोरलं तर गुन्हा दाखल होईल. हे वाक्य मी प्रत्येक शाळेला ऐकवतो, अजून लागू पडतं. पाच वर्षांच्याला नव्वदपर्यंत ओढू नका मात्र. उतरताना रडतो.

आता माकडं, कारण कान्हेरीत त्यांचंच राज्य आहे. लाल तोंडाची ही माकडं पिशवीची चेन उघडतात, बाटलीचं झाकण फिरवतात. खाऊ पाठपिशवीत आत ठेवा, पारदर्शक पिशवी अजिबात नको. प्लास्टिकच्या पिशव्यांना तसंही उद्यानात बंदी आहे. माकडाने काही हिसकावलं तर सोडून द्या, ओढाताण करू नका. डोळ्यांत डोळे घालून बघू नका, आणि दात विचकले तर तो हसत नाहीये, हे धाकट्याला आधी समजावून ठेवा. खायला तर मुळीच देऊ नका. आज केळं घातलंत की उद्या ते दुसऱ्या कोणाच्या पोराच्या हातावर झडप घालतं.

बिबट्याचं विचारलं होतंत. दिसेल का? जवळजवळ नक्कीच नाही. "तो तुम्हाला दिसणार नाही, पण तुम्ही त्याला दिसाल" हे आम्हा मंडळींचं ठरलेलं वाक्य आहे. मीही वर्षानुवर्षं फेकलंय आणि ते खरंही आहे, पण त्याने मुलं उगाच घाबरतात. त्यापेक्षा आकडा सांगतो. २०१५ मध्ये कॅमेरे लावून मोजणी केली तेव्हा या उद्यानात आणि लगतच्या भागात ३५ बिबटे निघाले, पुढच्या मोजण्यांत संख्या त्याहून वाढली. एवढ्याशा जंगलात, दोन्ही बाजूंना लाखो माणसं असताना, ते राहतात कारण ते माणसाला चुकवण्यात पटाईत आहेत. चितळ, माकडं, आणि कडेच्या वस्त्यांतली भटकी कुत्री हे त्यांचं खाणं. २००२ ते २००४ या काळात इथे माणसांवर बरेच हल्ले झाले होते. दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून या जंगलात सोडणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. अनोळखी मुलखात आणून सोडलेलं जनावर गोंधळतं. नंतर ते थांबलं, लोकांना समजावणं सुरू झालं, आणि परिस्थिती बरीच निवळली. वारली लोक तर केव्हापासून वाघोबाला देव मानून त्याच्यासोबतच राहतायत. दगडावर शेंदूर लावलेला वाघोबा या परिसरात अजून पूजला जातो.

तुमच्यासाठी नियम थोडेच. मुलं मोठ्यांच्या मध्ये चालतील, पुढे पळणार नाहीत. झुडपात लघवीला एकटं पाठवायचं नाही. लहान मूल किंवा उकिडवा बसलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही. अंधार पडायच्या आत बाहेर. दिवसा, माणसांच्या गर्दीत, डांबरी रस्त्यावर तुम्हाला भीती बाळगायचं कारण नाही. वानर झाडावरून खोकल्यासारखं 'खॅक्-खॅक्' करायला लागलं आणि सगळी टोळी एकाच दिशेला बघत असेल, तर थांबा आणि गप्प राहा. आसपास काहीतरी आहे. बावीस वर्षांत मला बिबट्या उद्यानात दिसला तो मोजून पाच वेळा, आणि त्यातल्या तीनदा नुसती शेपटी.

सफारी? ती वेगळी. कुंपणाने बंदिस्त केलेल्या मोठ्या आवारात ठेवलेले वाघ आणि सिंह, आणि जाळी लावलेली मिनीबस. तिथला वाघ इथल्या जंगलातला नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर घरी जाऊन बोरिवलीत वाघ आहेत असं शाळेत सांगतात. मेळघाटच्या शेजारी राहणाऱ्यांनी यासाठी रांगेत दीड तास घालवावा असं मला वाटत नाही. पण पाच वर्षांच्या मुलाला सिंह बघायचाच असेल, तर सकाळी दारावर आल्या आल्या तिकिटाची चौकशी करा. सुट्टीच्या दिवसात दुपारपर्यंत तिकिटं संपतात.

वनराणी, म्हणजे झुकझुक गाडी, हा माझा हळवा कोपरा. मी स्वतः लहानपणी त्यात बसलोय. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात रुळांचं नुकसान झालं आणि ती बंद पडली. तुम्ही येण्याआधी फोन करून चालू आहे का, कोणत्या वेळेला, ते विचारून घ्या आणि चालू असेल तर तीनच्या आसपास बसा. तोवर मुलांचे पाय बोलायला लागलेले असतात. बोटिंग ठीक आहे, तळं लहान आहे. गांधी टेकडी फुकटात चांगला वारा देते, वर जायला चढण आहे, सासूबाई खालीच थांबतील. फुलपाखरू उद्यान हिवाळ्यात ऊन चढल्यावर बरं, साडेदहा-अकराला, पण तेव्हा तुम्ही कान्हेरीत असाल. तर सोडा.

तुळशी तलाव यादीतून खोडा. पाणीपुरवठ्याचा तलाव आहे, मगरी आहेत, परवानगीशिवाय कोणी जात नाही. ज्यांना चालायची हौस आहे त्यांच्यासाठी शिलोंडा पायवाट आहे, नदीच्या काठाकाठाने. आधी निसर्ग माहिती केंद्रात नाव नोंदवून वाटाड्यासोबतच जावं लागतं. पहिल्या भेटीत लहान मुलांसोबत ती नको. पुढच्या वेळी मोठा बारा-तेराचा झाला की तो आणि तुम्ही दोघंच या. उत्तरेला वसईच्या खाडीला टेकलेला नागला म्हणून एक तुकडा आहे, तिथे एका बाजूला डोंगराची झाडी आणि दुसऱ्या बाजूला तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं खाजण, हे एकाच वाटेवरून दिसतं. तिथे गर्दी नसते. ही दोन्ही ठिकाणं मी माझ्या आवडत्या लोकांना दाखवतो.

दिवसाचा हिशोब मग असा पडेल: साडेसात ते नऊ नदी, पुढे बस, साडेनऊ ते साडेबारा कान्हेरी, मग सावलीत डबा. डबा घरून आणा, कान्हेरीत हॉटेल म्हणावं असं काही नाही. पोळी-भाजी, शेंगदाण्याची चटणी, संत्री. अकोल्याहून येताय म्हणजे संत्री असतीलच, साली परत पिशवीत. दोनला बसने खाली. मग वनराणी किंवा नुसतं गवतावर पडणं. चारला बाहेर. साडेचारनंतर दारापाशी रिक्षा मिळायला मारामारी होते.

चपला नकोत, बूट घाला, लेण्यांतला दगड पावलांनी गुळगुळीत झालाय. सकाळी गारवा असतो म्हणून मुलांना स्वेटर घालून आणाल आणि दहा वाजता ते तुमच्या हातात येतील, तेव्हा एक रिकामी कापडी पिशवी ठेवा. सासूबाईंची काठी असेल तर आणाच. पायऱ्यांसाठी, आणि माकडं काठी बघून जरा अंतर ठेवतात म्हणूनही.

राहिली काकडी. कान्हेरीच्या रस्त्याला आणि लेण्यांच्या पायथ्याशी आदिवासी मावश्या टोपली घेऊन बसलेल्या असतात. काकडी, पेरू, आवळे, थंडीत बोरं. घासाघीस करू नका. त्या काकडीला उभ्या चार चिरा देतात, तिखट-मीठ भरतात आणि हातात ठेवतात. तिथेच, त्यांच्या शेजारी उभं राहून खा. त्यांच्या हाताशी बेचकी असते आणि माकडांना ती ठाऊक आहे. काकडी हातात धरून दहा पावलं पुढे गेलात तर ती तुमची राहणार नाही.